सांगणार मुनीमजी, लिहिणार पंचफुला

माझ्या अक्षराले हसू नका. चौथीपर्यंत शिकली, त्यालेही आता बरीच वर्षं झाली, ऱ्हस्व कुठं अन् दीर्घ कुठं ते गुरुजीबरोबर गावातच राहून गेलं. बोटाइले बिडीची सवय, पेन धरला तरी तो वळाले पाहातात, म्हणून ओळी अशा वाकड्या. चुका झाल्या असन तर माफी असावी. मोठ्या लोकाइचं बोलणं कोणी बसून लिहून घेते, माझं तसं कोणी नाही, तर मीच बोलून राहिली अन् मीच लिहून राहिली. ही वही कोणाले दाखवाची नाही. पण रेडिओतल्या ताई, तुम्हाले मनातल्या मनात वाचून दाखवते, कारण हे सारं तुमच्या आवाजापासून सुरू झालं, अन् तुम्ही तर मले कधी पाहिलंही नाही.

नाव पंचफुला. गाव उमरेडच्या पलीकडे, जिथं शेतं संपतात अन् झुडपं सुरू होतात तिथं. उन्हाळ्यात माय-बाप तेंदूची पानं तोडाले जात, मी त्याइच्या मागं मागं. पानाचे पुडे बांधून उन्हात रांगेनं वाळाले ठेवले की दुरून वाटे, कोणी माणसं बसून वाट पाहून राहिले आहेत. मी सहा-सात वर्षांची असन तेव्हा आम्ही सारे नागपूरले आलो, दीक्षेले. काय सांगू तुम्हाले, मले त्यातलं बोलणं आठवत नाही, तोंडं आठवत नाहीत, फक्त पांढरं आठवते. मायचं लुगडं पांढरं, शेजारणीचं पांढरं, पाहावं तिथवर पांढरं. त्या पांढऱ्यात माझ्या हातून मायचा पदर सुटला अन् मी दुसऱ्याच बाईचा धरून चालली. तिनं मागं वळून पाहिलं, हासली, म्हणे तुह्या मायचा नाही हा पदर, पण धर बाई, आज सारे सारखेच. तिचं तोंड तेवढं मले अजून सपनात दिसते.

गावात शाळा चौथीपर्यंत होती म्हणून मी चौथी शिकली, पाचवी असती तर पाचवी शिकली असती. आमच्या गल्लीत बायामाणसात लिहिता येणारी मी एकटी, मग साऱ्याइचे पोस्टाचे कार्ड माझ्याकडे. कोणाच्या लेकाले, कोणाच्या जावयाले. गुरुजीनं एक नेम घालून दिला होता. म्हणे पंचफुले, दुसऱ्याचं कार्ड लिहिलं तर शेवटी लिहायचंच, सांगणार अमुक, लिहिणार तमुक, नाहीतर म्हातारीनं जावयाले दिलेल्या शिव्या तुह्या नावावर जातील. तो नेम हातात असा बसला की जेवल्यावर ताट उचलावं तसं ते आपोआप होये. डोक्याले विचाराची गरज नाही.

मग लग्न झालं अन् नागपूरले आली. घर नंदनवनच्या अंगाले वस्तीत, मालक, म्हणजे माझे घरवाले, लकडगंजले आरा मशीनवर. संध्याकाळी घरी आले की केसात, भुवईत लाकडाचा भुसा, दिव्याच्या उजेडात सोनं लावल्यासारखे दिसत. सासूबाई म्हणे, हे सोनं विकता आलं असतं तर तुले पाटल्या केल्या असत्या वं. सासूबाई जिभेनं तिखट अन् हातानं मऊ. तिनंच मले बिडीच्या कारखान्यात नेलं. कारखाना म्हणजे टिनाचं लांब शेड, चाळीसक बाया मांडीवर सूप घेऊन रांगेनं बसलेल्या, सुपात जर्दा, बाजूले ओल्या फडक्यात पानं. पान कापा, जर्दा भरा, वळा, तोंड मोडा, सुतानं बांधा. पंचवीसचा एक कट्टा. पहिल्या दिवशी मी पान उजेडाकडे धरून पाहात बसली, त्याच्या शिरा अशा दिसत होत्या जशा आमच्या गावच्या पायवाटा, अन् मी त्या वाटेवरून चालत चालत कुठच्या कुठं गेली. बाजूले बेबीबाई बसे, माझ्याच वस्तीतली. तिनं कोपर मारलं, म्हणे उठ वं राणी, सपनाचे कट्टे मोजून घेत नाही चेकर.

चेकरचं सांगतलंच पाहिजे, कारण सारी गोष्ट तिथंच अडकली. संध्याकाळी चेकर आमच्या बिड्या पाहे अन् त्यातल्या काही बाजूले फेके. ही सैल आहे, हिचं तोंड वाकडं, हिचं पान फाटलं. त्याले म्हणत छाट. छाटीचे पैसे आम्हाले नाही. छाटीच्या बिड्या जात एका मोठ्या टोपलीत, मुनीमजीच्या खोलीत. रोज संध्याकाळी टोपली भरे अन् रोज सकाळी रिकामी. पंधरा वर्षं ज्या बाया बसून राहिल्या होत्या त्याइनंही कधी विचारलं नाही, ही टोपली रिकामी कोण करते.

आता रेडिओचं. वस्तीच्या चौकात एक चहाचं हॉटेल, त्यात रेडिओ, त्याले शिवलेलं कापड पांघरलेलं जसं घरचं लेकरू. संध्याकाळी कामगारांचा कार्यक्रम लागे, अन् त्यात ताई तुम्ही लोकाइची पत्रं वाचत होत्या. आम्ही बाया समोरच्या विहाराच्या पायरीवर बसून ऐकू, कोणी निवडत बसलेली, कोणी लेकराले पाजत. तुमचा आवाज असा होता की वाटे, ही बाई आत्ताच विहिरीवरून पाणी घेऊन आली अन् दारात उभी राहून बोलून राहिली. मी लाजरी. चार माणसात माझ्या तोंडातून शब्द निघत नाही. पण कार्डावर कोणी माझ्याकडे पाहात नाही. एक दिवस मी कार्ड लिहिलं, गाण्याची फर्माइश केली, अन् खाली नाव, गाव, बीडी कामगार.

पंधरा दिवसानं तुम्ही ते वाचलं. नागपूरहून पंचफुलाबाई लिहितात. माय वं! मी पायरीवर होती अन् माझं नाव चौकात होतं, हॉटेलात होतं, झाडावर होतं. मले वाटलं मी एकाच वेळेस सगळीकडे बसली आहे. तिकडे उमरेडच्या पलीकडे माझ्या भावानं ऐकलं, कार्ड आलं त्याचं, म्हणे ताई तू आमच्या गावावरून गेली काल. मग मले त्याची गोडीच लागली. काम सुटल्यावर, भाकरी झाल्यावर, चुलीजवळ बसून लिहो. पानाच्या शिरेतल्या वाटा लिहिल्या. मालकाच्या केसातलं सोनं लिहिलं. पांढऱ्या लुगड्याची बाई लिहिली. तुम्ही सारंच वाचत नव्हत्या, पण पुष्कळ वाचत होत्या.

अन् मग मी ते कार्ड लिहिलं. खरं सांगते, कोणाची तक्रार करावी असं मनात नव्हतं. सपन पडलं होतं तेच लिहिलं. ताई, आमच्या छाटीची टोपली संध्याकाळी भरते अन् सकाळी रिकामी असते, मले सपन पडलं की आमच्या वाकड्या तोंडाच्या बिड्याइले पंख फुटले अन् त्या खिडकीतून उडून गेल्या, अन् दूर कुठंतरी लोकं त्या हवेतून पकडून ओढून राहिले आहेत, अन् कोणीच म्हणत नाही की ही वाकडी आहे. ताई, तुम्हाले काय वाटते, त्या कुठं जात असतील?

तुम्ही वाचलं अन् हासल्या. रेडिओतून तुमचं हासणं ऐकू आलं. पायरीवरच्या बाया पहिल्यांदा हासल्या, मग एकदम चूप झाल्या. बेबीबाईनं माझ्याकडे पाहिलं. म्हणे पंचफुले, हे तू काय बोलून बसली? मी म्हटलं, सपन सांगतलं. ती म्हणे सपन नाही वं, तू तर हिशोब विचारला.

दुसऱ्या दिवशी मुनीमजीनं खोलीत बोलावलं. मुनीमजी म्हणजे शेटजीचा माणूस, दर शनिवारी हप्ता, म्हणजे आठवड्याचा पगार, तोच वाटे, पानं तोच देये. जाड चष्मा, बोलणं अर्धं हिंदी अर्धं आपलं. त्याच्यासमोर एक वही होती. म्हणे बस. मी उभीच राहिली. त्यानं वही उघडून वाचाले सुरुवात केली, अन् मी थंडच पडली. ते माझे कार्ड होते. तुम्ही वाचलेले, साऱ्याच्या सारे. पानाच्या शिरा, मालकाचं सोनं, पांढरं लुगडं. रोज संध्याकाळी शेटजीच्या हुकमानं तो आपल्या घरी ट्रांझिस्टर लावून बसे अन् आमच्या कारखान्याच्या बायाइचं नाव आलं की लिहून घेये. दोन वर्षांपासून. कोणी काय म्हटलं, कोणतं गाणं मागतलं, सारं. ताई, मले भीती वाटली हे तर खरंच. पण दुसरंही सांगते, जे कोणाले सांगतलं नाही. तो वाचत होता अन् मी ऐकत होती अन् मधेच मले वाटलं, किती चांगलं लिहिलं वं मी. माझ्याजवळ तर एकाही कार्डाची नक्कल नव्हती.

त्यानं वही मिटली. क्या बाई, कारखाने की इज्जत रेडिओ पर? शेटजीले बाजारात लोकं विचारून राहिले, बिड्याइले पंख फुटले म्हणते. मी खाली पाहून म्हटलं, ते मी घरी लिहिलं, काम सुटल्यावर. तो म्हणे घर तुझं, पण नावासमोर बीडी कामगार लिहिलं न, मग ते नाव आमचं झालं. आता दुसरं कार्ड लिही, की मी जे लिहिलं ते खोटं, छाट बरोबर असते. ते रेडिओवर वाजन तेव्हा तुझा हप्ता देईन. तोपर्यंत हप्ता रोखला.

बाहेर येऊन सूप मांडीवर घेतलं. त्या शनिवारी साऱ्याइले हप्ता भेटला, मले नाही. दुसऱ्या शनिवारी नाही, तिसऱ्या शनिवारी नाही. मी घरी सांगे, शेटजी बाहेरगावी आहे. पानं मात्र देत होता, बिड्या घेत होता, अन् मी वळत होती. चौथ्या सोमवारी गेली तर पानही बंद. मुनीमजी म्हणे कार्ड आणलं? मग पान नाही. भिंतीवर एक कागद लावला, कोणत्याही बाईनं रेडिओले कार्ड टाकायच्या आधी खोलीत दाखवायचं. कागद वाचता येणारी मी एकटी, तर तोही मलेच वाचून दाखवाले लावला. बाया माझ्याकडे न पाहाता ऐकत होत्या. बेबीबाई सुद्धा सरकून बसली.

रिकाम्या हातानं घरी आली तेव्हा सासूबाईले कळलं. मले वाटलं आता जिभेचा पट्टा सुटन. पण ती कितीतरी वेळ तांदूळ निवडत राहिली, मग म्हणे, सहा वाजता कारखाना सुटल्यावर हात कोणाचे? मी म्हटलं माझे. म्हणे मग त्याले काहून नाही सांगतलं? मी म्हटलं माय, माझ्या तोंडातून निघत नाही. मालक म्हणे, लिहून दे न कार्ड, एका कार्डानं काय होते. आरा मशीनवर त्या दिवसात लाकूड कमी येत होतं, आठवड्यातले तीनच दिवस काम. लेकीचं शाळेत नाव टाकाचं होतं. खरं होतं त्याचं. पण मले असं वाटे, की मी खोटं म्हटलं तर पानातल्या वाटाही खोट्या होतील, सोनंही खोटं होईन, अन् ती पांढऱ्या लुगड्याची बाई म्हणन, माझा पदर सोड. ताई तुम्ही तर वाचता वाचता थांबूनच जाल. आठ दिवस मी घरात बसून हवेतच बिड्या वळत होती. बोटं ऐकत नव्हते.

नवव्या दिवशी गेली. पोटापुढं काय चालते. मुनीमजीनं कार्ड पुढं केलं, स्वतःचा पेन दिला, म्हणे मी सांगतो तसं लिही. मी लिहिलं. आमच्या कारखान्यात छाट एकदम बरोबर होते. चेकर देवमाणूस आहे. शेटजी आम्हा बायांना लेकीसारखे पाहातात. टोपलीतल्या बिड्या खराब असतात म्हणून फेकून देण्यात येतात. मागचं मी जे लिहिलं ते अज्ञानाने लिहिलं. अज्ञानाने हा शब्द त्यानंच सांगतला, मले तो लिहिताच आला नाही, दोनदा खोडला. अन् मग कार्ड संपत आलं, खाली थोडी जागा राहिली, अन् ताई, मी मुद्दाम नाही केलं, तुमच्या गळ्याची आण, हातानं लिहून टाकलं. सांगणार मुनीमजी, लिहिणार पंचफुला.

लिहिल्यावर पाहिलं अन् जीव उडाला. वाटलं, आता मुनीमजी हे कार्ड फाडते. मुनीमजीनं चष्मा वर करून कार्ड डोळ्यापाशी नेलं, सारं वाचलं, खालची ओळही वाचली. अन् त्याचा चेहरा, काय सांगू, लग्नात नवरदेवाचा होते तसा झाला. दोन वर्षं दुसऱ्याइचे नावं लिहून घेतले होते बिचाऱ्यानं, त्याचं नाव रेडिओवर कधी कोणी घेतलं नव्हतं. म्हणे ये भी पढ़ेंगे? मी म्हटलं, ताई शेवटपर्यंत वाचतात. तो म्हणे ठीक है, रहने दो. आपल्या हातानं पोस्टाच्या पेटीत टाकलं. त्या दिवशी मले पान भेटलं.

तुम्ही ते वाचलं त्या संध्याकाळी पायरीवर जागा नव्हती. तुम्ही अगदी सरळ वाचलं, कुठं थांबल्या नाहीत. चेकर देवमाणूस आहे म्हटल्यावर बायाइनं खोकल्यासारखं केलं. मी गुडघ्यात तोंड घालून बसली होती. अन् मग तुमचा आवाज आला, सांगणार मुनीमजी, लिहिणार पंचफुला. मग सासूबाई हासली. तिचे दात पडलेले, तिचं हासणं म्हणजे नुसती हवा, पण ते हासणं पायरीवरून चौकात गेलं अन् हॉटेलात गेलं, चहावाल्यानं गल्ला बडवला, अन् बेबीबाई माझ्या गळ्यात पडून रडत रडत हासून राहिली. म्हणे पंचफुले, तू तर त्याले त्याच्याच तोंडानं पकडलं. मी म्हटलं वं बाई, मी काही नाही केलं, गुरुजीचा नेम आहे. ती म्हणे तुह्या गुरुजीचं भलं होवो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चेकरनं बेबीबाईच्या सुपातून एक मूठ बिड्या काढल्या अन् टोपलीकडे हात नेला. बेबीबाईनं त्याचा हात धरला. म्हणे देवमाणसा, खराब आहे न? मग आमच्यापुढं तोड. चाळीस बायाइनं सूप खाली ठेवले. कोणी ओरडलं नाही, कोणी काही नाही, नुसत्या बसल्या. तोडलेल्या बिडीचा जर्दा परत सुपात येते, पण तोडलेली बिडी विकता येत नाही, हे चेकरलेही माहीत अन् आम्हालेही. शेटजी आला, मुनीमजीवर हिंदीत तोंड सोडलं, तुझे किसने कहा था अपना नाम डालने को, अन् बाजारात मुनीमजीले लोकं सांगणार मुनीमजी म्हणून हाक मारत होते ते वेगळंच. दोन दिवसानं कबूल झालं, छाट बाईच्या डोळ्यापुढं तुटन. अन् नवल पाहा, त्या हप्त्यापासून छाट अर्ध्याहून कमी झाली. आमचे हात एका दिवसात सुधारले म्हणायचे. भिंतीवरचा कागद कोणी काढला नाही, त्याच्यावर पाली बसत, मग एका उन्हाळ्यात तो आपोआप गळून पडला.

पण माझे रोखलेले तीन हप्ते तसेच राहिले. कार्ड वाजल्यावर देईन म्हटलं होतं, कार्ड वाजलं, पण असं वाजलं की मुनीमजीनं तो विषयच काढला नाही, अन् मी विचारलं नाही. दर शनिवारी पगाराच्या खिडकीपाशी उभी राहो, शब्द घशापर्यंत येत अन् तिथंच बसून जात. बेबीबाई चिडवे, साऱ्या जिल्ह्याशी बोलते अन् एका खिडकीशी मुकी. मी तुम्हाले कार्ड लिहित राहिली. मग तुमची बदली झाली म्हणे, दुसरा आवाज आला, चांगला होता, पण विहिरीवरचा नव्हता. सासूबाई गेली. लेक शाळेत गेली, मॅट्रिकपर्यंत आली. वर्षं अशी गेली की जशी कोणी पानं मोजून देते अन् आपण मोजत नाही.

मागच्या शनिवारी कळलं की मुनीमजी काम सोडून आपल्या मुलखात परत चालला. डोळे गेले त्याचे. मी हप्ता घेतला अन् खिडकीपासून हटली नाही. मागून बाया म्हणे, सरक न वं. माझ्या कानात नुसता सूंसूं आवाज. मले वाटलं मी अजून लहान आहे, पांढऱ्या गर्दीत उभी आहे, अन् माझ्या हातात कोणाचाच पदर नाही. अन् मग माझाच आवाज मले ऐकू आला, इतका मोठा की मी दचकली. म्हटलं, मुनीमजी, माझे तीन हप्ते द्या. तुम्ही रोखले होते. मी काम केलं होतं.

मुनीमजीनं मान वर केली, मी दिसत नव्हती त्याले, आवाजाकडे पाहात होता. म्हणे पंचफुलाबाई? मी म्हटलं हाव. म्हणे इतने साल में पहली बार तुम्हारी खुली आवाज़ सुनी, मैं तो तुम्हें रेडिओवाली बाई की आवाज़ में पहचानता था. मग म्हणे, शेटजीले सांगून ठेवतो, शनिवारी ये.

आज शनिवार. गेली. त्यानं नोटा चाचपून एक एक करून दिल्या, मी पदरात घेतल्या. त्याले म्हटलं, सुखानं जा मुनीमजी, घरी तुमची वाट पाहून राहिले असन. मनातून म्हटलं, खरंच. तोही बिचारा दुसऱ्याच्या हुकमानं संध्याकाळी कान लावून बसलेला माणूस. घरी येताना आरा मशीनचा भुसा हवेत उडत होता, ऊन तिरपं होतं, मी चालून राहिली की तरंगून राहिली ते कळत नव्हतं. लेकीनं विचारलं, मोजले का? तिनं मोजले, मग मी मोजले, मग मालकानं मोजले. तीन हप्ते, पूर्ण. काही बाकी राहिलं नाही.